१९६५-६६ च्या मस्टँगला रस्त्यावर नीट वळायला लावायचं असेल तर: सस्पेन्शनचं काम पहिल्यापासून शेवटपर्यंत

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या बऱ्याच मंडळींकडे आता गॅरेज आहे, हातात थोडे पैसे आहेत आणि जुन्या फोर्ड मस्टँगचा किडा डोक्यात आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. गाडी घेतल्यावर साधारण होतं असं की माणूस आधी इंजिनावर पैसे घालतो, कार्बोरेटर, हेडर, एक्झॉस्ट, सगळं झकास होतं, आणि मग पहिल्याच जरा वेगात घेतलेल्या वळणावर कळतं की गाडी स्टीअरिंगचं ऐकतच नाहीये, नाक सरळ चाललंय आणि बॉडी एका बाजूला कलंडलीय. मग कॅटलॉग उघडलं की हजारो डॉलरचे कॉइलओव्हर (शॉकभोवतीच स्प्रिंग असलेले) किट, शॉक टॉवर, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक ज्यात बसतात तो पत्र्याचा मनोरा, कापून नवीन क्रॉसमेंबर बसवायचे किट दिसतात आणि वाटतं याशिवाय गत्यंतर नाही.

माझं मत उलट आहे. रोजच्या रस्त्यावर, रविवारी घाटात चक्कर मारायला यातलं काही लागत नाही. मूळ डिझाइनमध्ये ज्या दोन-तीन गोष्टी कमी पडतात तेवढ्या सुधारा, झिजलेलं बदला, टायर आणि अलाइनमेंट (चाकांचे कोन) नीट करा. आणि क्रम चुकवू नका. बहुतेक जण सगळ्यात आधी कडक स्प्रिंग टाकतात, आणि मग गाडी वळत तर नाहीच, वर कंबर मोडते.

सगळं १९६५-६६ च्या व्ही-८ गाडीबद्दल आहे, म्हणजे पाच बोल्टची चाकं, २८९ वगैरे इंजिन. सहा सिलिंडरवाल्यांना चार बोल्टची चाकं आणि छोटे ब्रेक असतात, त्यांनी आधी व्ही-८ चे स्पिंडल (चाक ज्यावर फिरतं तो भाग), ब्रेक आणि मागचा अ‍ॅक्सल यांचा विचार करावा. १९६७ पासून पुढची मांडणी थोडी बदलली, ती वेगळी गोष्ट.

आधी समजून घ्या की ती वळत का नाही

मस्टँग १९६४ च्या एप्रिलमध्ये आली तेव्हा खालचं बरंचसं सामान फोर्डच्याच फाल्कनचं होतं, आणि फाल्कन म्हणजे घरगुती स्वस्त गाडी. पुढे अप्पर आर्म, त्याच्या वर कॉइल स्प्रिंग, स्प्रिंगच्या आत शॉक, आणि हे सगळं शॉक टॉवरमध्ये कोंबलेलं. लोअर आर्म एक साधी दांडीच आहे, तिला पुढे-मागे सरकू नये म्हणून तिरका स्ट्रट रॉड धरून ठेवतो. मागे सरळ अ‍ॅक्सल आणि पाटे.

खरी अडचण अप्पर आर्मच्या जागेत आहे. तो टॉवरला जिथे बोल्ट होतो ती जागा जरा उंच आहे, त्यामुळे वळणावर बॉडी झुकली की बाहेरच्या चाकाचा वरचा भाग बाहेर झुकतो, म्हणजे कँबर पॉझिटिव्ह होतो, आणि टायर रस्त्यावर सपाट बसायच्या ऐवजी बाहेरच्या कडेवर उभा राहतो. कितीही भारी टायर टाका, अर्धाच वापरला जाणार. त्यात लोखंडी इंजिनमुळे निम्म्याहून जास्त वजन पुढच्या चाकांवर. म्हणून ती नाक घेऊन सरळ पळते.

फोर्डचा इंजिनियर क्लाउस आर्निंग याने यावर उपाय काढला होता: अप्पर आर्मची भोकं एक इंच खाली घ्यायची. मस्टँगच्या रेसिंगच्या आवृत्त्या बनवणाऱ्या कॅरल शेल्बीच्या १९६५ च्या जीटी३५० ला हेच केलेलं होतं, सोबत एक इंचाचा जाड स्वे बार (बॉडीचं कलंडणं कमी करणारी दांडी), कोनीचे शॉक आणि १५ इंची चाकं. १९६६ मध्ये मात्र खर्च वाचवायला शेल्बीने हे भोकं खाली घ्यायचं काम बंद केलं, यावरून ते काम किती वेळखाऊ आहे ते समजा. तुमच्या-माझ्यासाठी ते जवळपास फुकट आहे, फक्त एक दुपार आणि चांगली ड्रिल लागते. लोक याला शेल्बी ड्रॉप किंवा आर्निंग ड्रॉप म्हणतात.

पायरी १: गाडी उचला आणि नीट बघा

काहीही ऑर्डर करायच्या आधी हे करा. गाडी सपाट जागेवर उभी करून चारी चाकांच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतची उंची मोजून लिहून ठेवा, नंतर तुलना करायला दुसरं काही नसतं.

मग जॅक स्टँडवर घ्या, स्टँड पुढच्या फ्रेम रेलखाली, आर्मखाली नाही. नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका, हे सांगायची गरज नसावी पण दरवर्षी कुणीतरी शिरतंच. टॉर्च घेऊन शॉक टॉवर बघा, विशेषतः अप्पर आर्मचे बोल्ट जिथे येतात तिथे आणि स्पॉट वेल्डच्या ओळीत, तडे तिथेच जातात. पुढच्या रेल, टॉर्क बॉक्स (पुढची रेल बाजूच्या पत्र्याला जोडणारी पेटी), मागच्या पाट्याचा पुढचा डोळा (टोकाचं गोल भोक) जिथे बोल्ट होतो ती जागा, मागच्या रेल. स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा, घुसला तर सस्पेन्शन बाजूला ठेवा आणि वेल्डरचा नंबर शोधा. गंजलेल्या बॉडीवर जाड स्वे बार लावणं म्हणजे तो तुकडा लवकर उपटून काढायची सोय.

दोन्ही टॉवरमधलं अंतरही मोजा. साठ वर्षांत हे टॉवर इंजिनच्या बाजूला हळूहळू आत झुकलेले असतात. टॉवर ते टॉवर लावायचा मोंटे कार्लो बार तुमच्या गाडीत सहज बसत नसेल तर समजायचं की टॉवर आत आलेत. थोडेसे असतील तर आतून जॅक लावून हळूहळू बाहेर ढकलता येतात, जास्त असतील तर फ्रेमच्या दुकानात न्या.

आता चाक हलवून बघा. १२ आणि ६ वर धरून हलवलं आणि खेळलं तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट (आर्म आणि स्पिंडल जोडणारा सांधा), ३ आणि ९ वर खेळलं तर टाय रॉड किंवा आयडलर आर्म (स्टीअरिंगच्या जोडणीचे भाग). दुसऱ्या माणसाला स्टीअरिंग थोडंसं डावं-उजवं करायला सांगून तुम्ही खालून प्रत्येक सांधा बघा, कुठला हलतोय आणि कुठला नुसता ऐकतोय ते लगेच दिसतं. रबरी बुश तर वाळलेल्या भाकरीसारखे तुकडे होऊन पडत असतील, ते गृहीतच धरा.

एक आडवळण घेतो, पण महत्त्वाचं आहे. या गाड्यांना मास्टर सिलिंडर एकाच सर्किटचा आहे, म्हणजे एक होज फुटला की चारी ब्रेक गेले. १९६७ पासून दोन सर्किटचा आला. वळणावर वेग वाढवायचा बेत असेल तर आधी दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर बसवा, पुढे डिस्क ब्रेक करता आले तर उत्तमच. सस्पेन्शन थांबू शकतं, ब्रेक नाही.

पायरी २: काय घ्यायचं, काय नाही

अप्पर आर्म बॉल जॉइंटसकट पूर्ण घ्या, जुन्यात बुश बदलत बसायचा व्याप परवडत नाही. लोअर आर्मही पूर्ण. टाय रॉडची चारी टोकं, आयडलर आर्म, शक्य असेल तर रोलर बेअरिंगवाला, कारण मूळच्या आयडलरमध्ये रबर पिळतं आणि स्टीअरिंगला तो जडपणा जाणवतो.

स्प्रिंग पर्च, म्हणजे अप्पर आर्मवर स्प्रिंग ज्या बशीवर बसते ती. मूळच्या पर्चमध्ये रबरी बुश असतं आणि सस्पेन्शन हललं की ते पिळलं जातं. रोलर पर्च मिळतात, महाग आहेत, पण गाडी छोट्या खड्ड्यांवर जी मऊ होते ती यामुळे. पैसे कुठे घालू असं कुणी विचारलं तर मी कडक स्प्रिंगच्या आधी रोलर पर्च सांगतो.

पुढच्या स्प्रिंग: एक इंच खाली बसणाऱ्या ६२० च्या (इंचाला ६२० पौंड) स्प्रिंग सगळीकडे मिळतात. ६२० हा आकडा ऐकून घाबरू नका. स्प्रिंग आर्मच्या साधारण मध्यावर बसलीय, त्यामुळे चाकाला जाणवणारा कडकपणा त्याच्या पावपटच्या आसपास, म्हणजे इंचाला दीडशे पौंडांच्या जवळपास. याच हिशोबाने, स्प्रिंग कापून गाडी खाली आणायची असेल तर स्प्रिंगला अर्धा इंच कमी केलं की चाकाकडे साधारण एक इंच कमी होतं, म्हणून अर्धा-अर्धा वेढा करतच कापा. गॅसने अजिबात नाही, कटिंग व्हीलने, उष्णतेने स्प्रिंगचं टेंपर जातं.

शॉक चांगले घ्या, बिल्स्टीन किंवा कोनी. कडक स्प्रिंगवर स्वस्तातले शॉक लावले की गाडी एका खड्ड्यानंतर तीन वेळा डुलते आणि दोष बिचाऱ्या स्प्रिंगवर जातो. पुढचा स्वे बार एक इंचाचा. मागचा बार आत्ता घेऊ नका, का ते पुढे येईल.

रबराऐवजी पॉलियुरेथेनच्या कडक बुशबद्दल लोक फार उत्साही असतात. स्वे बारच्या बुशना ते छान आहे. पण स्ट्रट रॉडला लावू नका. तो रॉड वर-खाली होताना बुशमध्ये थोडा वाकडा व्हायला लागतो, रबर ते सहन करतं, पॉली करत नाही, मग ताण रॉडवर येतो आणि रॉड तुटू शकतो. ब्रेक मारताना स्ट्रट रॉड तुटला तर चाक फेंडरला जाऊन भिडतं. तिथे एकतर नवीन रबर, नाहीतर गोल सांध्याचे लांबी बदलता येणारे रॉड. दुसरा पर्याय थोडा आवाज करतो पण कॅस्टर, म्हणजे बॉल जॉइंटच्या रेषेचा पुढे-मागे कल, सेट करायला सोन्यासारखा, कारण १९६५-६६ चे मूळ रॉड लांबीला कमी-जास्त करता येत नाहीत.

पायरी ३: पुढचं उघडणं

या कामात जीव जाऊ शकेल अशी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे दाबलेली कॉइल स्प्रिंग. बाहेरून हुक लावायचा सर्वसाधारण कंप्रेसर इथे नीट बसत नाही. टॉवरच्या वरच्या भोकातून आत घालायचा, खास या फोर्डसाठी असलेला कंप्रेसर आणा, भाड्यानेही मिळतो.

क्रम असा. शॉकचे खालचे दोन नट पर्चखालून सोडा, वरच्या माउंटचे तीन नट टॉवरवरून सोडा, शॉक वरून उचलून काढा. त्याच वाटेने कंप्रेसर आत घाला, स्प्रिंग दाबा, ती पर्चवर सैल खेळायला लागेपर्यंत. स्वतःचं तोंड आणि छाती स्प्रिंगच्या रेषेत कधीच ठेवू नका. मग स्वे बारचे लिंक, बॉल जॉइंटचे कॉटर पिन आणि नट. नट पूर्ण काढायचा नाही, दोन-तीन आटे राहू द्यायचे, आणि स्पिंडलच्या त्या गोल कानावर हातोड्याचे दोन खणखणीत दणके द्यायचे, निमुळता सांधा आपोआप सुटतो. काटेरी फोर्क वापरला तर सांध्यावरचा रबरी बूट फाटतो, नवीन जॉइंट घालणार असाल तर हरकत नाही.

ड्रम आणि स्पिंडल वायरने वर टांगून ठेवा, ब्रेक होजवर लोंबकळू देऊ नका. अप्पर आर्मचे दोन नट इंजिनच्या बाजूने सुटतात. तिथल्या पत्र्याच्या शिम (पातळ पट्ट्या) किती, कुठल्या बोल्टला होत्या त्याचा फोटो काढून ठेवा.

पायरी ४: भोकं पाडणं

टेंप्लेट विकतही मिळतं, पण जाड कार्डबोर्ड किंवा पातळ पत्र्यावर स्वतःही करता येतं: जुन्या दोन भोकांची जागा उतरवा, त्यांच्या मध्यापासून बरोबर एक इंच खाली समांतर रेषा, त्यावर नवीन दोन मध्य. काही जण सोबत १/८ इंच मागेही घेतात, त्याने थोडा कॅस्टर वाढतो. मला सरळ एक इंच खाली पुरेसं वाटतं, कॅस्टर शिमने आणि स्ट्रट रॉडने मिळतोच.

टेंप्लेट जुन्या भोकांना बोल्टने घट्ट धरा, सेंटर पंच जोरात मारा. आधी १/८ इंचाची बारीक ड्रिल, मग हळूहळू वाढवत १७/३२ इंचापर्यंत, कारण बोल्ट अर्ध्या इंचाचा आहे. इथे पत्र्याचे थर आहेत, ड्रिल एका थरातून दुसऱ्यात जाताना झटका देते, दोन्ही हातांनी धरा, कटिंग ऑइल वापरा, घाई करू नका. दोन्ही बाजूंची चारी भोकं आधी मार्क करून, मोजून, पुन्हा मोजून, मगच पहिलं भोक. डावं-उजवं जुळलं नाही तर अलाइनमेंटवाला तुम्हाला आयुष्यभर शिव्या देईल. कडा घासून प्रायमर लावा. जुनी भोकं तशीच राहू देतात बहुतेक लोक, उद्या गाडी मूळ रूपात विकायची असली तर आर्म परत वर नेता येतो.

एक इंचापेक्षा जास्त खाली जाऊ नका. जास्त ड्रॉपमध्ये चाक पूर्ण लोंबकळलं की बॉल जॉइंटचा कोन संपतो आणि तो अडकतो, त्यासाठी मग वेगळे वेज लावावे लागतात, रस्त्यासाठी तो उपद्व्याप नकोच. आणि लक्षात ठेवा, नुसत्या या ड्रॉपनेच गाडी अर्ध्या इंचाहून थोडी जास्त खाली बसते. त्यात एक इंच खाली बसणारी स्प्रिंग म्हणजे दीड इंचाच्या पुढे. अजून खाली आणायचा मोह झाला तर गल्लीतला स्पीड ब्रेकर आणि एक्झॉस्ट पाइप आठवा.

पायरी ५: परत जोडणं

आर्म नवीन भोकात, शिम साधारण पूर्वीइतक्याच, अंतिम आकडा अलाइनमेंटला ठरेल. स्प्रिंगच्या वर रबरी इन्सुलेटर विसरू नका आणि स्प्रिंगचं खालचं टोक पर्चवरच्या अडणीला टेकलंय हे बघूनच कंप्रेसर सैल करा, नाहीतर गाडी एका बाजूला उंच दिसते आणि लोक मग स्प्रिंगच सदोष आहे म्हणून दुकानाशी भांडतात.

आता खरी मेख. लोअर आर्मचा रबरी बुशचा बोल्ट गाडी हवेत असताना घट्ट करायचा नाही. नुसता हाताने लावून ठेवा, गाडी चाकांवर उतरवा, पुढून दोन-चारदा दाबून सोडा, मग त्या उंचीवर टॉर्क द्या, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळा. हवेत घट्ट केला तर रबर कायमचं पिळलेल्या अवस्थेत राहतं, गाडी उंच बसते आणि बुश लवकर फाटतं. मूळच्या रबरी आयडलर आर्मचंही तसंच, चाकं सरळ ठेवूनच घट्ट करायचा, नाहीतर गाडी एका बाजूला ओढत राहते. टॉर्कचे आकडे फोर्डच्या १९६५ च्या शॉप मॅन्युअलमधून घ्या, त्याची पुनर्मुद्रित प्रत सहज मिळते.

पायरी ६: मागची बाजू

मागे काम सोपं, पण घाण. मूळच्या चार पाट्यांनी एव्हाना जीव टाकलेला असतो, काही वेळा उलट्या दिशेला वाकलेले असतात. साडेचार किंवा पाच पाट्यांचा सेट घ्या, एक इंच खाली बसणारा मिड-आय प्रकारचा असला तर पुढच्याशी उंची जुळते.

पुढच्या डोळ्याचा बोल्ट बुशच्या आतल्या नळीला गंजून चिकटलेला असणारच. आठवडाभर आधीपासून तेल मारत राहा, तरी निघाला नाही तर कापावा लागतो. इथे सावध, पेट्रोलची टाकी मागच्या दोन रेलच्या मध्येच आहे, पाट्याचं मागचं टोक ज्यावर लटकतं त्या शॅकलच्या अगदी जवळ. ग्राइंडर किंवा गॅस चालवायच्या आधी टाकी रिकामी करून काढून ठेवणं हेच शहाणपण, आणि अग्निशामक हाताशी.

अ‍ॅक्सलला स्टँड द्या, यू-बोल्ट सोडा, पाटे काढा, नवीन लावा. पाट्याच्या मधला पिन अ‍ॅक्सलच्या भोकात बरोबर बसलाय ना ते बोटाने चाचपून बघा. यू-बोल्ट नवीनच, जुने एकदा ताणलेले असतात. डोळ्यांचे बोल्ट इथेही गाडी जमिनीवर आल्यावरच घट्ट.

मागचा स्वे बार का नको ते आता. पुढे भोकं खाली घेतली आणि एक इंचाचा बार लावला की गाडी बरीच संतुलित होते. त्यावर मागे जाड बार टाकला तर मागचं आतलं चाक हलकं होतं, ओल्या रस्त्यावर एक्सिलरेटर दाबला की मागचा भाग बाहेर यायला बघतो. महिनाभर चालवा, तरीही नाक सरळ जातंय वाटलं तर बारीक बार लावा. बहुतेकांना लागत नाही.

पायरी ७: बॉडी ताठ करणं

टॉवरपासून मागे काउलपर्यंत (विंडशील्डखालचा पत्रा) मूळच्या गाडीत दोन वेगळ्या पट्ट्या असतात, त्याजागी एकसंध एक्सपोर्ट ब्रेस लावा, आणि टॉवर ते टॉवर मोंटे कार्लो बार. दोन्ही बोल्टने लागतात, अर्ध्या तासाचं काम. पुढच्या आणि मागच्या रेल जोडणारे मधले सबफ्रेम कनेक्टर मात्र वेल्ड करायचे असतील तर गाडीचं वजन चाकांवर असताना करा, लिफ्टवर लोंबकळताना केलं तर वाकलेला आकारच कायम होतो आणि दरवाजे लागेनासे होतात. कन्व्हर्टिबलला कंपनीनेच खालून जास्तीचा पत्रा दिलेला असतो, तिथे आधी तो गंजलाय का बघा.

पायरी ८: टायर आणि अलाइनमेंट

गाडी आली तेव्हा ६.९५-१४ वगैरे जुन्या पद्धतीचे क्रॉस-प्लाय टायर होते. मॅन्युअलमधले अलाइनमेंटचे आकडे त्या टायरसाठी आहेत, ते आताच्या रेडियल टायरला लावू नका, आणि अलाइनमेंटच्या दुकानातला पोरगा कॉम्प्युटरमधून नेमके तेच काढतो. म्हणून आपले आकडे कागदावर लिहून न्या.

चाकं १५ बाय ७, बॅकस्पेस (रिमच्या आतल्या कडेपासून बोल्ट होणाऱ्या तोंडापर्यंतचं अंतर) सव्वाचार इंचाच्या आसपास, पुढे २०५/६०, मागे २२५/६०. यापेक्षा रुंद टायर बसवणारे बसवतात, पण फेंडर घासतो का ते पूर्ण स्टीअरिंग वळवून आणि पुढून दाबून आधी बघा.

रस्त्यासाठी माझे आकडे: कँबर उणे अर्धा ते पाऊण अंश, कॅस्टर अधिक अडीच ते तीन अंश, टो-इन, म्हणजे चाकं पुढून किती आत वळलेली आहेत ते, १/१६ ते १/८ इंच, एकूण. पॉवर स्टीअरिंग नसेल तर कॅस्टर दोनच्या जवळ ठेवा, नाहीतर पार्किंग करताना खांदे दुखतील. शिमचं गणित सोपं आहे. दोन्ही बोल्टला सारख्या शिम वाढवल्या की आर्म बाहेर सरकतो आणि कँबर पॉझिटिव्हकडे जातो, कमी केल्या की निगेटिव्हकडे. फक्त पुढच्या बोल्टला वाढवली की वरचा बॉल जॉइंट मागे जातो आणि कॅस्टर वाढतो. हे माहीत असलेला म्हातारा मेकॅनिक गावात कुठे आहे ते जुन्या गाड्यांच्या क्लबात विचारा, मोठ्या साखळी दुकानांत शिम ठेवतच नाहीत.

स्टीअरिंग बॉक्सचा खेळ सगळ्यात शेवटी, चाकं अगदी सरळ ठेवून आणि स्टीअरिंगची जोडणी (लिंकेज) बॉक्सपासून सोडून, वरच्या स्क्रूने थोडासाच कमी करा. लॉकपर्यंत फिरवून कुठे अडकत असेल तर जास्त आवळलंय, लगेच सैल करा. मूळ बॉक्स १९.९ ला १ चा आहे, जीटीवाला १६ ला १. गाडी चपळ वाटायला १६ वाला हवाच, पण हाताला जड जातो.

पहिली चक्कर

रिकाम्या पार्किंगमध्ये हळू आठचे आकडे काढा, ब्रेक मारून बघा, कुठे खट्ट वाजतंय का ऐका. मग घरी येऊन प्रत्येक बोल्ट पुन्हा टॉर्क करा, यू-बोल्ट तर नक्की ढिले झालेले असतात. स्प्रिंग आणि पाटे शे-दोनशे मैलांत थोडे बसतात, त्यानंतर उंची परत मोजा, सुरुवातीला लिहून ठेवलेल्या आकड्यांशी लावून बघा आणि अलाइनमेंट दुसऱ्यांदा करा. दुसऱ्यांदाचे पैसे वाचवायला जाऊ नका, पुढचे टायर आतून खाल्ले गेले की ते दामदुपटीने जातात.